माळ्याची झडप दर पावसाळ्यात अडकते: कारण कसं ओळखायचं आणि कायमचा उपाय काय

मे महिन्यात एका हाताने उघडणारी माळ्याची झडप जुलैत दोघांना रेटत नाही. मग खालून पहारीचे ठोसे बसतात, बिजागरी उपसते, फळी चिरते. शेवटी सुतार येतो आणि चारी बाजूंनी रंधा मारून जातो. होळीपर्यंत त्याच झडपेभोवती बोट जाईल एवढी फट पडलेली असते. तिच्यातून उंदीर ये-जा करायला लागतात म्हणून कोणीतरी पट्टी ठोकून फट बुजवतं, आणि पुढच्या आषाढात झडप पुन्हा घट्ट. जावळी, पाटण, महाबळेश्वर, वाईकडची कौलारू घरं असोत नाहीतर सांगली-मिरजेतले जुने कडीपाटाचे वाडे, हे रहाटगाडगं सगळीकडे चालू असतं.

ते थांबवायचं असेल तर एक गोष्ट आधी पक्की धरा. झडप अडकण्याची कारणं चार आहेत: लाकूड फुगणं, चौकट तिरकी होणं, बिजागरी ढिली पडणं आणि माळ्यावरच्या ओझ्याने कड्या, म्हणजे माळा पेलणारी आडवी लाकडं, लवणं. बाहेरून चारही सारखीच दिसतात. रंधा यातल्या एकाच कारणावर चालतो, आणि तोही भर पावसात मारायचा नसतो.

आज, आत्ता उघडायची असेल तर

झडपेच्या बरोबर खाली उभं राहून डोक्याने किंवा खांद्याने रेटू नका. झडप सुटते ती एकदम, आणि वरची माती, कौलाचे तुकडे सरळ डोळ्यांत येतात. पहिली चौकशी घरातल्यांकडेच करा: झडपेवर कोणी काही ठेवलंय का? वाड्याला माळ्यावर जायच्या दोन वाटा असल्या की दुसऱ्या वाटेने गेलेला माणूस या झडपेवर ट्रंक ठेवून मोकळा होतो.

वर ओझं नसेल तर लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं घ्या आणि चारही बाजूंच्या फटीतून फिरवा. ऑइल पेंटचे थर, कोळ्याची जाळी, कुंभारमाशीची वाळलेली माती यांनीच अर्धा अधिक अडकाव झालेला असतो. पातं जिथे अजिबात शिरत नाही तिथे पेन्सिलीने खूण करा. ही खूण पुढे लागणार आहे.

मग बिजागरीच्या समोरची बाजू धरा. त्या बाजूच्या एका कोपऱ्याखाली सहा इंच लांबीचा लाकडी ठोकळा लावा, ठोकळ्याखाली बल्ली, आणि बल्ली खालून वर दाबा. झडप किंचित हलली की दुसरा कोपरा. असं आळीपाळीने दोन्ही कोपरे चढवत न्या. पहारीचं टोक फळी फोडतं, ठोकळा तोच जोर पसरून देतो. मधोमध जोर लावला तर फळी वाकते आणि कडा आणखी आवळतात, म्हणून नेहमी कोपराच.

झडप उघडली की दिवाळीपर्यंत ती पूर्ण बसवू नका. चौकटीवर अर्ध्या इंचाच्या दोन पट्ट्या टाकून झडप त्यांवर टेकती ठेवा. घासणाऱ्या कडांना मेणबत्ती चोळा. तेल नको, ते लाकडात मुरतं आणि वरून धूळ धरून ठेवतं.

कारण ओळखण्याच्या तीन चाचण्या

पहिली खडूची. झडपेच्या चारही कडांना रंगीत खडू जाड फासा, झडप हलक्या हाताने बंद करा आणि पुन्हा उघडा. रंग चौकटीवर कुठे उतरला ते पाहा. समोरासमोरच्या दोन लांब कडांवर सलग उतरला असेल तर लाकूड फुगलंय. तिरप्या रेषेतल्या दोन कोपऱ्यांवरच असेल तर चौकट तिरकी झालीय. फक्त मोकळ्या बाजूच्या एका कोपऱ्यावर असेल तर बिजागरी. आणि एका कडेच्या मध्यभागीच असेल तर कडी लवून चौकट आत ढकलली जातेय.

दुसरी कर्णांची. चौकटीच्या आतल्या बाजूने दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन सूतांपर्यंतचा फरक चालतो. चार सूत, म्हणजे अर्धा इंच किंवा जास्त फरक असेल तर झडपेला कितीही रंधा मारा, ती पुढच्या वर्षी अडकणारच.

तिसरी दोऱ्याची. झडपेला लागून असलेल्या कडीच्या खालच्या अंगाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा. दहा फुटी कडी मध्यावर अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाली आली असेल तर दोष झडपेत नाही, माळ्यावर जे रचलंय त्यात आहे.

या तिन्ही चाचण्या एकदा जुलैत आणि एकदा मार्चमध्ये करा. आकडे चौकटीच्या आतल्या अंगावर तारखेसह लिहून ठेवा. कागद हरवतो, चौकट हरवत नाही.

लाकूड फुगतं म्हणजे नेमकं काय होतं

लाकूड हवेतला दमटपणा शोषतं आणि रुंदीत वाढतं, लांबीत जवळपास नाहीच. सागवानी फळ्यांची २४ इंच रुंद झडप असेल तर कडक उन्हाळा आणि भर पावसाळा यांत रुंदीचा फरक दोन ते तीन सूत पडतो, घाटमाथ्यावर चार सूतही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावकडे पाचशेच्या आसपास. त्यामुळे माणमधल्या दहिवडीच्या सुताराने ठेवलेली फट जावळीतल्या मेढ्याला पुरत नाही. आंबा, निलगिरी किंवा नीट न मुरलेलं कोणतंही लाकूड सागापेक्षा जास्त हलतं.

बिजागरी कुठे आहे यावरही बरंच ठरतं. फळ्या ज्या दिशेने लांब आहेत त्या बाजूलाच बिजागरी असेल तर ती बाजू जखडलेली असते. सगळा फुगवटा समोरच्या मोकळ्या बाजूला जातो. अशा झडपेला बिजागरीकडे एक सूत आणि समोर तीन ते चार सूत फट हवी, मोजमाप कोरड्या दिवसांतलं. बिजागरी फळ्यांच्या कापीव टोकांकडे असेल तर फुगवटा दोन्ही बाजूंना वाटला जातो, तिथे प्रत्येकी दोन सूत ठेवा. लांबीच्या दिशेला रंगापुरतं एक सूत पुरे.

फटीचं माप चुकणं ही पहिली चूक, दुसरी रंगाची. घरोघर झडपेची खालची, म्हणजे खोलीतून दिसणारी बाजू तेवढी रंगवलेली असते, वरची कोरी. कोरी बाजू दमट हवा पिते, रंगलेली पीत नाही. एक अंग फुगतं, दुसरं तसंच राहतं, आणि सपाट फळीला पोक येतो. मग झडप चार कोपऱ्यांपैकी दोनांवरच टेकते आणि लोक म्हणतात, सुताराने वेडीवाकडी केली. झडपेला सहा अंगं असतात आणि सहाही बंद झाली पाहिजेत. सगळ्यांत जास्त पाणी पितात ती फळ्यांची कापीव टोकं. तिथे एक हात जास्त द्या. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात, प्रत्येक हातानंतर एक-दोन दिवस वाळू देऊन, किंवा चांगल्या व्हार्निशचे दोन हात. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

तिसरी, मागच्या आडपट्ट्या. फळ्या जोडणाऱ्या आडपट्ट्यांना फेव्हिकॉल लावून वर खिळे ठोकले की फळ्यांना हलायला जागाच उरत नाही, त्या चिरतात तरी किंवा फुगून वर येतात. आडपट्टी स्क्रूने बसवा. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं पट्टीत तीन सूत लांबट.

आणि झडपेखाली काय आहे तेही पाहा. चुलीवर, न्हाणीच्या बंबावर किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीवर झडप असेल तर ती कोरड्या दिवसांतही ओलच खात असते. वरून एखादं कौल सरकून ठिबकत असेल तर झडपेच्या एकाच कोपऱ्यावर काळा डाग दिसतो. डाग असेल तर झडपेला हातही लावू नका, आधी कौल.

रंधा कधी मारायचा? खूण जुलैत, रंधा दिवाळीनंतर. पावसात जिथे घासतं तिथली पेन्सिलीची खूण पाहून कोरड्या हवेत तेवढाच भाग उतरवायचा, एका वेळी अर्धा सूत. पावसात मोकळी होईस्तोवर उतरवत गेलात की उन्हाळ्यात ती फट तुम्हाला दिसतेच.

आमच्या मते खरा उपाय: आत बसणारी झडप काढून वर बसणारी करा

अडकायला काहीतरी लागतं. चौकटीच्या आत बसणारी झडप चौकटीत अडकते. डब्याच्या झाकणासारखी चौकटीच्या वर, चारी बाजूंनी एक-एक इंच बाहेर येणारी झडप केली की ती कितीही फुगली तरी तिला आवळणारं काही नसतं. दुरुस्तीवर दुसऱ्यांदा खर्च करण्याची वेळ आली असेल तर तो खर्च यावर करा.

तोंड २४ बाय ३० इंच धरू. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या तोंडाचं किमान माप २२ बाय ३० इंच आहे आणि त्यावर किमान ३० इंच मोकळी उंची हवी असं म्हटलंय. आपल्याकडेही शिडीवरून माणूस आणि हातात एखादा डबा जायचा तर याहून लहान तोंड अंगाशी येतं.

त्याला लागेल ते असं: चौकटीसाठी ३ बाय दीड इंची सागवान ११ फूट (परिघ ९ फूट, बाकी सांध्यांत जातं), झडपेला २६ बाय ३२ इंचांचा १९ मिलिमीटर मरीन प्लाय, त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहून घ्या, चार इंची बिजागऱ्या दोन, दाराला लावतात ती रबरी पट्टी १० फूट, दोन फूट साखळी, एक टॉवर बोल्ट, एक मूठ. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या, घाटाकडे साधे स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत गंजून डोकं सोडतात.

चौकट माळ्याच्या जमिनीपेक्षा दीड-दोन इंच वर काढा. त्या कठड्यामुळे झाडताना धूळ खाली पडत नाही आणि वर ठिबकलेलं पाणी खोलीत येत नाही. प्लाय रुंदीत नगण्य हलतो, पण त्याच्या कापलेल्या कडा पाणी ओढतात. कडांना प्रायमरचे दोन हात आणि वर लाकडी पट्टी. अशी झडप सात किलोच्या आसपास भरते, एका हाताने उचलता येते. जुनी दीड इंची, लोखंडी पट्ट्यांची झडप याच्या दुपटीहून जड असते.

साखळीची लांबी अशी ठेवा की झडप काटकोनाच्या थोडी पुढे जाऊन थांबेल. काटकोनावर किंवा अलीकडे थांबली तर ती वाऱ्याने किंवा धक्क्याने परत पडते, आणि तेव्हा तोंडात तुमचं डोकं किंवा हात असतो. शेजारी भिंत असेल तर आकडाही लावा. टॉवर बोल्ट खालच्या बाजूने. वळवाच्या वाऱ्यात कौलांखाली हवा शिरते आणि हलकी झडप उचलते.

या पद्धतीला एकच अडचण आहे. वर उघडायला जागा लागते. आढ्यापासून लांब, वासे खाली उतरलेल्या ठिकाणी तोंड असेल तर बिजागरी न लावता झडप सुटी ठेवा आणि उचलून बाजूला सरकवा.

बाकीची तीन कारणं

चौकट तिरकी झाली असेल तर ती कडीपासून सोडवून पाचरी घालून काटकोनात पुन्हा बसवावी लागते. त्याआधी घर अजून हलतंय का ते पाहा. जवळच्या भेगेवर आडवी पेन्सिलीची रेघ ओढा, तारीख घाला आणि तीन महिने थांबा. रेघ तुटली तर सुतार नको, इंजिनिअर बोलवा. कोयना-पाटण पट्ट्यात, जिथे ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप झाला आणि लहान धक्के आजही बसतात, तिथे ही तपासणी टाळू नका.

बिजागरीचं काम सोपं. स्क्रू ढिले झाले असतील तर त्याच भोकात जाड स्क्रू कोंबू नका. भोकात फेव्हिकॉल लावलेली बांबूची काडी ठोका, सुकल्यावर छाटा आणि नवीन भोक पाडून तोच स्क्रू लावा.

ओझ्याचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, कारण माळा उतरवावा लागतो. शाळूचे, गव्हाचे, हळदीचे ५०-५० किलोचे कट्टे झडपेभोवती रचलेले असतात, कारण तिथून वर चढवून पुढे न्यायचा कंटाळा येतो. दहा कट्टे म्हणजे अर्धा टन, आणि तोही कड्यांच्या मध्यावर. हे कट्टे भिंतीच्या अंगाला, कडीच्या टोकांजवळ न्या. दोन आठवड्यांनी पुन्हा दोरा ताणून पाहा. कडी वर आली नाही तर ती आतून वाळवीने खाल्लेली असू शकते. स्क्रूड्रायव्हर दाबा. दोन सूत सहज रुतला तर त्या कडीखाली धिरा, म्हणजे उभा टेकू, दिल्याशिवाय वर जाऊ नका.

शिडी

झडप सुटली तरी वर जाताना माणूस पडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवर, शिडी सोडून माळ्यावर पाय टाकताना. याचं कारण शिडी आखूड असते. ती तोंडाच्या कडेशी संपते आणि हाताला धरायला काही उरत नाही.

हिशोब असा. उंचीच्या चौथ्या भागाएवढा पाया बाहेर. जमिनीपासून तोंड नऊ फुटांवर असेल तर शिडीचे पाय सव्वादोन फूट बाहेर. शिडी तोंडाच्या वर तीन फूट गेली पाहिजे. म्हणजे नऊ फुटांच्या खोलीला साडेबारा फुटी शिडी लागते, आणि घरात असते दहा फुटी. माळ्यावर तीन फूट उंचीच नसेल तर तोंडाच्या दोन्ही बाजूंना कडीत आरपार बोल्ट मारून लोखंडी मुठी बसवा. चौकटीला नुसत्या स्क्रूने लावलेल्या मुठीवर अंगाचा भार टाकू नका.

रंगारी वापरतात तो घोडा माळ्यावर चढायला वापरू नये. घोड्यावर उभं राहून काम करायचं असतं. त्याच्यावरून बाजूला पाय टाकला की तो विरुद्ध बाजूला कलंडतो.

गुळगुळीत फरशीवर ॲल्युमिनियमच्या शिडीचे रबरी बूट झिजलेले असतील तर बदला, दोन बुटांना फार पैसे लागत नाहीत. पायाखाली पोतं घालायची सवय वाईट, पोतं फरशीवर शिडीसकट सरकतं. सारवलेल्या जमिनीवर उलटं होतं, एक पाय रुततो आणि शिडी तिरकी होते. तिथे दोन्ही पायांखाली एकच फळी घाला. सगळ्यांत चांगलं म्हणजे फॅब्रिकेटरकडून लोखंडी शिडीच्या दोन्ही बाजूंना, तोंडाच्या कडेच्या उंचीवर, १२ मिलिमीटर सळईचे दोन आकडे वेल्ड करून घ्या आणि तोंडाच्या कडेला, आजूबाजूच्या कड्यांवर टेकेल असा एक इंची पाइप आडवा बसवा. आकडे पाइपात अडकले की शिडी सरकत नाही आणि मागेही पडत नाही. पायऱ्यांमधलं अंतर १० ते १२ इंच, सगळीकडे सारखं.

ऑनलाइन मिळणाऱ्या घडीच्या शिड्यांना साधारण दोन बाय चार फुटांचं तोंड लागतं. त्या बनवल्यात सरळ लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी. आपल्या कडीपाटात तेवढ्यासाठी दोन-तीन कड्या कापाव्या लागतील. घेऊ नका.

तोंडच नाही किंवा चुकीच्या जागी आहे

आढ्याच्या जवळ तोंड काढा. १६ फूट रुंद घर आणि तीस अंशांचा उतार असेल तर आढ्याखाली उंची साडेचार फुटांच्या थोडी वर मिळते, पण भिंतीपासून तीन फुटांवर पावणेदोन फूटच. तीस इंच उंची हवी तर भिंतीपासून सव्वाचार फूट आत यावं लागतं. भिंतीलगत तोंड काढलं की माणूस वर येताच वाशाला डोकं आपटतो. हे काम करणारे गवंडी जागा खालून, खोलीच्या सोयीने ठरवतात. ठरवायची वरून.

तुळईला आणि कैचीच्या, म्हणजे छपराच्या तिकोनी सांगाड्याच्या, खालच्या आडव्या लाकडाला हात लावायचा नाही, कितीही गैरसोय होवो. कैचीचं ते लाकूड छपराने भिंती बाहेर ढकलू नयेत म्हणून ताण धरून असतं. ते कापलं की भिंत फाकते. मधली एक कडी कापता येते, पण क्रम पाळून. आधी तोंडाच्या भोवती दीड फुटापर्यंत वरची माती काढा. पाच इंच मातीचा थर चौरस फुटाला १८-२० किलो भरतो. मग कापायच्या कडीखाली, कापाच्या दोन्ही बाजूंना धिरे द्या. कडी कापा. कापलेल्या दोन्ही टोकांना त्याच जाडीच्या आडव्या कड्या लावून त्या शेजारच्या दोन शाबूत कड्यांना लोखंडी अँगल आणि १२ मिलिमीटर बोल्टने जोडा, खिळ्यांनी नाही. धिरे त्यानंतरच काढा.

पत्र्याच्या घराला खाली जिप्समचं सिलिंग केलं असेल तर गोष्ट वेगळी. तो माळा नाही. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड आणि पातळ पट्ट्या माणूस पेलत नाहीत. तिथे तोंड ठेवायचं ते वायर, पंख्याची हुक आणि पत्र्याची गळती पाहण्यापुरतं, शिडीवर उभं राहून कमरेपर्यंत आत जाता येईल एवढं. बोर्ड धरणाऱ्या पट्ट्या साधारण दीड फुटावर असतात, म्हणून दोन बाय दोन फुटांच्या तयार झडपेसाठी एक पट्टी कापावी लागते. कापलेली दोन्ही टोकं आडव्या पट्टीत पकडा आणि चारही कोपऱ्यांना छतापासून स्वतंत्र टांगण द्या. टांगण न देता झडप बसवली की वर्षभरात तिच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना खालून भोक पाडू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात राहते.

डोकं आत घालण्याआधी

धान्याच्या कीडनाशक गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कणगीत किंवा कट्ट्यांत टाकल्या असतील तर दमट हवेत त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, आणि पावसाळ्यात बंद माळ्यावर तो साचतो. माळ्यावर जाणाऱ्यालाच नाही, खाली झोपलेल्यांनाही त्याने जीव गमवावा लागू शकतो. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला तर वर जायचं नाही. दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा. चक्कर, मळमळ, छातीत आवळल्यासारखं झालं तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना गोळ्यांचं नाव सांगा. तोंडाला फडकं बांधून या वायूपासून बचाव होत नाही. राहत्या घरात या गोळ्या वापरूच नयेत. वास आला नाही म्हणून वायू नाही असंही धरू नका. गोळ्या टाकल्याचं माहीत असेल तर वास असो-नसो, वर जायचं नाही.

बाकी नेहमीची काळजी: मेन स्विच बंद, बॅटरी डोक्याला, काठीने आधी ठोकून आवाज. उंदरांमागे साप माळ्यावर येतात. वर गेल्यावर पाय कडीवर, दोन कड्यांच्या मधल्या पाटावर नाही. नियमित जाणं असेल तर तीन कड्यांवर टेकेल अशी दीड इंची फळी कायमची टाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये काम सकाळी नऊच्या आत उरका, दुपारी पत्र्याखाली किंवा कौलांखाली माणसाला भोवळ येते.

कृष्णाकाठच्या घरांसाठी वेगळं

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सामान वाचलं ते वर चढवता आलं म्हणून. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. पाणी चाळिसाकडे निघालं की झडपेशी झटापट करायला वेळ नसतो, म्हणून नदीकाठी झडप, शिडी आणि आकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात तपासून झडप टेकती ठेवलेली बरी. माळा सामानासाठी आहे. पाणी वाढत असताना माणसांनी तिथे आसरा घेऊ नये. एकच तोंड असलेल्या माळ्यावरून खालची खोली बुडाल्यावर बाहेर पडायला वाट राहत नाही. प्रशासन हलायला सांगेल तेव्हा हलायचं.

पूर ओसरल्यावर चौकट पाण्यात बसली असेल तर बिजागरीतला गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, वाळल्यावर मशीन ऑइलचे दोन थेंब सोडा आणि झडप काढून सावलीत, खाली दोन पट्ट्या देऊन आडवी ठेवा. उन्हात ठेवली तर एक बाजू आधी वाळून वाकते. पूर ओसरल्यापासून दोन-तीन महिने तिला रंधा लावू नका. कर्ण मोजून पाहा, फरक दोन सूतांत आला की मगच बसवा.